क्षयाच्या औषधाचा 'खाडा' का पडतो?

क्षयरोगाचे औषध मोफत मिळते, ते घरी नेऊन घेता येते आणि पुरते घेतले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. तरीही दरवर्षी हजारो रुग्णांचे उपचार मध्येच तुटतात. याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. परंतु रुग्णाचे घर, त्याची मजुरी आणि आरोग्य यंत्रणेचा कारभार एकत्र ठेवून पाहिले, तर चित्र वेगळे दिसते.

मुंबईत गोवंडी, धारावी, कुर्ला यांसारख्या भागांत दिवसाच्या हजेरीवर पोट भरणाऱ्या माणसाच्या बोलण्यात 'खाडा' हा शब्द वारंवार येतो. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. अशा माणसाला क्षयरोग झाला की त्याच्या आयुष्यात दुसऱ्या एका खाड्याची भर पडते. तो असतो गोळ्यांचा. हे दोन खाडे एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे ध्यानात घेतल्याखेरीज क्षयरोगाचे उपचार अर्धवट का राहतात या प्रश्नाचे उत्तर मिळणे कठीण आहे.

हा प्रश्न आज अधिक तीव्रतेने विचारण्याचे कारण आहे. जगाने क्षयरोग संपविण्यासाठी २०३० ची मुदत घातलेली असताना भारताने मार्च २०१८ मध्ये दिल्लीतील परिषदेत हे काम २०२५ पर्यंतच पूर्ण करण्याची घोषणा केली होती. ती मुदत आता उलटून गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार देशात दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मधील २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले. म्हणजे घट सुमारे २१ टक्क्यांची झाली. राष्ट्रीय धोरणातील उद्दिष्ट मात्र ८० टक्के घटीचे होते. या काळात काहीच झाले नाही असे नव्हे. निदानाची यंत्रे वाढली, नोंदणी वाढली, २०२३ मध्ये २५ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. परंतु नोंदणी झालेला रुग्ण शेवटच्या गोळीपर्यंत टिकून राहणे हे वेगळे काम आहे, आणि ते रुग्णालयात होत नाही. ते रुग्णाच्या घरात होते.

'डिफॉल्टर' म्हणजे कोण?

अनेक वर्षे सरकारी कागदपत्रांत उपचार सोडणाऱ्या रुग्णाला 'डिफॉल्टर' म्हटले जात असे. बँकेचे कर्ज थकविणाऱ्यासाठीही हाच शब्द वापरतात. मोफत औषध घेतले आणि ते पुरे केले नाही, म्हणजे जणू सरकारचे देणे बुडविले, असा आरोप त्या शब्दातच होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये हा शब्द बाजूला सारला आणि 'पाठपुराव्यातून सुटलेला रुग्ण' अशी संज्ञा स्वीकारली. संघटनेच्या व्याख्येनुसार सलग दोन महिने उपचार खंडित झाल्यास रुग्ण या वर्गात जातो. भारतीय मार्गदर्शक सूचनांनी ही मर्यादा एका महिन्यावर आणली आहे.

हा बदल केवळ शब्दांचा नाही. रुग्णाने उपचार 'सोडले' म्हटले की चौकशी रुग्णापाशी थांबते. रुग्ण 'सुटला' म्हटले की तो कोणाच्या हातून सुटला, हा प्रश्न उभा राहतो. मात्र दवाखान्याच्या खिडकीपाशी जुनी भाषा अद्याप गेलेली नाही. खाडा पडलेला रुग्ण परत आला की बहुधा प्रथम बोलणी खातो. पुढच्या वेळी खाडा पडल्यावर तो परत येण्याचेच टाळतो, यात नवल नाही.

मद्रासचा अर्धा धडा

क्षयरोगावर घरी उपचार करण्याची पद्धत भारतातच सिद्ध झाली, याची आठवण येथे उपयुक्त ठरेल. औषधे येण्यापूर्वी आणि ती आल्यानंतरही काही वर्षे क्षयरोग्याची जागा सॅनेटोरियममध्ये मानली जाई. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवर भर असे. परंतु देशातील रुग्णांच्या संख्येपुढे खाटा नगण्य होत्या. तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९५६ मध्ये मद्रास येथे केमोथेरपी केंद्र सुरू केले. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९३ गरीब रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये आणि दुसऱ्याला घरी तीच औषधे देण्यात आली. घरच्या रुग्णांची राहण्याची जागा दाटीची आणि आहार निकृष्ट होता, त्यांपैकी अनेकांना विश्रांतीही मिळत नव्हती. तरीही दोन्ही गटांचे निष्कर्ष जवळपास सारखे आले. घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही वाढलेला दिसला नाही. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने जगभरच्या क्षयरोग उपचारांची दिशा बदलली.

या अभ्यासाचा एक भाग मात्र पुढे विस्मरणात गेला. मद्रासच्या रुग्णांना गोळ्या देऊन घरी सोडून देण्यात आले नव्हते. केंद्राचे कर्मचारी अचानक घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवीची तपासणी करून औषध पोटात गेले की नाही हे पाहत आणि अडचणी विचारून घेत. घरचे उपचार यशस्वी झाले ते घराशी असा संबंध राखल्यामुळे. देशाने या प्रयोगातून खाटांची बचत तेवढी उचलली; घरापर्यंत जाणारा माणूस मात्र त्या प्रमाणात उभा केला नाही.

त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९९७ पासून टप्प्याटप्प्याने देशभर पसरलेल्या आणि २००६ मध्ये सर्व जिल्ह्यांत पोहोचलेल्या 'डॉट्स' पद्धतीत रुग्णाने आठवड्यातून तीनदा केंद्रावर येऊन कर्मचाऱ्यासमोर गोळ्या घ्याव्यात अशी अपेक्षा होती. देखरेख आली, परंतु तिची किंमत रुग्णाने मोजली. केंद्राची वेळ आणि कामाची वेळ एकच असल्याने प्रत्येक गोळीमागे मजुरी किंवा मालकाची मर्जी पणाला लागत असे. २०१७ मध्ये वजनानुसार रोज घ्यावयाच्या संयुक्त गोळ्या देशभर लागू झाल्या आणि औषध पुन्हा घरी आले. आज बहुतांश रुग्णांना काही आठवड्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु त्याबरोबर सारी जबाबदारीही घरावर येऊन पडली, आणि ते घर ती पेलू शकते का, याची चौकशी फारशी झाली नाही.

बरे वाटते तेव्हाच धोका

साध्या क्षयरोगाचे उपचार सहा महिन्यांचे असतात. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील चार महिने त्यांपैकी पायराझिनामाइड वगळून तीन औषधे दिली जातात. वेगाने वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणात मरतात. ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. मंदगतीने जगणारे थोडे जंतू मात्र शरीरात दडून राहतात आणि त्यांच्यासाठीच पुढील चार महिन्यांचे औषध असते.

नेमक्या याच वळणावर रुग्णाची गणिते बदलतात. आजारी असताना तो घरी बसून होता. आता अंगात ताकद येते, डोक्यावरचे कर्ज दिसू लागते आणि तो कामावर परततो. काम सकाळी लवकर सुरू होते, गोळ्या मागे राहतात. बरे वाटणे हा त्याच्या दृष्टीने रोग गेल्याचा पुरावा असतो, आणि तो तसा नाही हे त्याला कोणीतरी सविस्तर सांगावे लागते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णाच्या वाट्याला येणारी दोन-तीन मिनिटे त्यासाठी पुरत नाहीत.

उपचार तुटण्याचे दुसरे वळण त्याहून आधीचे, पहिल्या काही आठवड्यांतले आहे. पन्नास किलो वजनाच्या प्रौढाला रोज चार मोठ्या गोळ्या एकदम घ्याव्या लागतात. मळमळ, उलटी, सांधेदुखी, हातापायांना मुंग्या येणे हे त्रास अनेकांना होतात, काहींना कावीळही होते. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. हे निरुपद्रवी आहे, पण आधी सांगितले नसेल तर रुग्ण रक्त समजून घाबरतो. यांतील बहुतेक त्रासांवर उपाय आहेत, मुंग्यांसाठी तर साधी 'ब-६' जीवनसत्त्वाची गोळी पुरते. परंतु त्रास सुरू झाल्यावर फोन कोणाला करायचा हे ठाऊक नसेल, तर रुग्णापुढे एकच उपाय उरतो. तो गोळ्या थांबवतो.

येथेच अन्नाचा प्रश्न येतो. औषध अर्धपोटी माणसालाही लागू पडते, हे मद्रासने दाखविले. पण घरात पुरेसे अन्न नसताना, मळमळ सोसत, ते सहा महिने घेत राहणे कितपत जमते, हा वेगळा प्रश्न आहे. झारखंडमध्ये करण्यात आलेल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेशन्स' या अभ्यासाने आहाराचे महत्त्व ठळक केले. रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबांना तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा शिधा देण्यात आला. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातील मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला. शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्या क्षयरोग्यांचे प्रमाणही सुमारे ३९ टक्क्यांनी घटले.

सरकारने एप्रिल २०१८ पासून 'निक्षय पोषण योजने'खाली दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात देण्यास प्रारंभ केला आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये करण्यात आली. दिशा योग्य आहे. परंतु खाते नसणे, खाते आधारशी जोडलेले नसणे, नावातील फरक यांमुळे पैसे उशिरा मिळण्याच्या तक्रारी योजनेच्या प्रारंभापासून होत आल्या आहेत. ज्याला दुसऱ्या महिन्यात दूध-अंडी हवी आहेत, त्याच्या हाती पैसे उपचार संपताना पडले तर त्यांचा उपयोग काय?

उसाच्या फडात सहा महिने

घरच्या उपचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे रुग्णाचे घर एका जागी आहे. महाराष्ट्रातील लाखो कुटुंबांच्या बाबतीत हे खरे नाही. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतील ऊसतोडणी मजूर दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. हंगामाचा हा काळ पाच-सहा महिन्यांचा, म्हणजे जवळपास क्षयरोगाच्या उपचारांइतकाच असतो. पावसाळ्याअखेर निदान झालेल्या रुग्णापुढे त्यामुळे दोनच वाटा राहतात. उचल परत करून गावी राहावे, किंवा गोळ्या बरोबर घेऊन फडात जावे. उचल बहुधा आधीच खर्च झालेली असते. तोडणीचे काम 'कोयत्या'ने, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीने होते. एक जण आजारी पडला की दुसऱ्याचे कामही थांबते. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कामात आणि पाचटाच्या खोपीत गोळ्यांचे वेळापत्रक सांभाळणे सोपे नाही, आणि गोळ्या संपल्यावर परक्या तालुक्यातील केंद्र शोधणे त्याहून कठीण.

'निक्षय' या संगणकीय नोंद व्यवस्थेमुळे रुग्णाची माहिती एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठविणे आता शक्य आहे. ही व्यवस्था २०१२ पासून अस्तित्वात आहे. परंतु रुग्ण जाणार आहे हे आधी कोणी विचारले, तरच त्याची नोंद पुढे जाते. मुंबईहून उत्तर प्रदेश, बिहारमधील गावी जाणाऱ्या कामगारांची कथा वेगळी नाही. लग्नसराई, पेरणी, आजारपण, कारखाना बंद पडणे अशी गावी जाण्याची कारणे अनेक असतात. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून मजुरांचे लोंढे बाहेर पडले. त्या वर्षी देशातील क्षयरुग्णांची नोंद आदल्या वर्षीच्या सुमारे २४ लाखांवरून १८ लाखांवर घसरली. रोग तेवढा कमी झालेला नव्हता, रुग्ण नोंदीबाहेर गेले होते.

लपविलेली गोळी

घर असले, तरी ते औषध घेण्याजोगे असतेच असे नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात, तेथे काहीही खासगी राहत नाही. क्षयरोगाविषयी समाजात असलेली भीती अजून गेलेली नाही. भांडी वेगळी होतात, कामावरून काढले जाते, भाड्याची खोली सोडावी लागते. स्त्रियांच्या बाबतीत तर हा रोग संसार मोडण्याचे कारण ठरतो. लग्न ठरायचे असलेली मुलगी किंवा नुकतीच सासरी गेलेली सून गोळ्यांचे पाकीट डब्यात, कपड्यांच्या घडीत लपवते आणि घरात पाहुणे असले की त्या दिवशीची गोळी राहून जाते. घरी येणारी आशा सेविका ही अशा रुग्णाला आधार वाटण्याऐवजी धोका वाटते, कारण तिच्या येण्याने शेजाऱ्यांना सारे कळते. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रुग्णापासून संसर्ग होण्याची शक्यता झपाट्याने कमी होते, ही एक गोष्ट जरी घरातील माणसांना नीट समजली, तरी रुग्णावरचा ताण पुष्कळ हलका होईल.

दारूचे व्यसन, बेफिकिरी ही कारणेही आहेत, आणि रुग्णावर स्वतःची काही जबाबदारी नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु व्यसनी रुग्णाचे उपचार तुटण्याचा संभव अधिक, हे पहिल्याच दिवशी ठाऊक असते. ठाऊक असलेल्या धोक्याची तयारी न करणे, ही चूक केवळ रुग्णाची नव्हे.

खंड पाडणारी यंत्रणा

रुग्णाने एक दिवसही गोळी चुकवू नये असे सांगणाऱ्या यंत्रणेकडूनच काही वेळा खाडा पडलेला आहे. मार्च २०२४ मध्ये नेहमीच्या संयुक्त गोळ्यांचा तुटवडा इतका वाढला की केंद्र सरकारने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी रुग्णांना थोड्या थोड्या दिवसांचे औषध देऊन परत पाठविले जात होते. त्याआधी २०२३ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील काही औषधांचाही तुटवडा जाणवला होता. अशा वेळी ज्याला बाजारातून औषध घेणे परवडते तो घेतो. बाकीच्यांचे उपचार खंडित होतात. त्यांना 'डिफॉल्टर' कोण म्हणणार?

खासगी क्षेत्राचा वाटाही मोठा आहे. बहुतेक रुग्ण आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात. धारावीतील शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. दोन दशकांनंतर, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील अशाच पाहणीत १०६ डॉक्टरांकडून ६३ औषधयोजना पुढे आल्या आणि अचूक चिठ्ठी केवळ सहा जणांची होती. खासगी उपचार पैसे संपले की थांबतात. मग रुग्ण सरकारी केंद्रावर येतो आणि सारे पहिल्यापासून सुरू होते. २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांवर रुग्ण कळविण्याचे बंधन आले, २०१४ पासून मुंबईत खासगी रुग्णांनाही मोफत औषध देण्याचा प्रयोग झाला. यातून नोंदी वाढल्या, तरी दोन व्यवस्थांच्या मधल्या फटीत रुग्ण पडण्याचे थांबलेले नाही.

या साऱ्याची किंमत रुग्णापुरती मर्यादित राहत नाही. देशातील पहिल्या औषधरोधक क्षयरोग पाहणीत (२०१४-१६) नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्क्यांत प्रमुख औषधांना दाद न देणारा रोग आढळला. पूर्वी उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ११.६० टक्के होते. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईतील काही रुग्णांवर उपलब्ध असलेली सर्वच औषधे निकामी ठरल्याचे वृत्त जगभर गाजले, तेव्हा त्यांच्या मागील उपचारांचा इतिहासही असाच तुटक आणि चुकीच्या औषधांचा होता.

मोजणी झाली, विचारपूस राहिली

खंड पडू नये म्हणून तंत्रज्ञानाची मदत घेण्यात आली. '९९ डॉट्स' या पद्धतीत गोळी काढल्यावर पाकिटामागे दिसणाऱ्या क्रमांकावर रुग्णाने मिस्ड कॉल द्यायचा असतो. कल्पना कल्पक आणि स्वस्त होती. परंतु गोळी घेऊनही कॉल न करणारे आणि कॉल करूनही गोळी न घेणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण अभ्यासांत आढळले. खाडा पडला हे यंत्र सांगू शकते. तो का पडला, हे विचारायला माणूसच लागतो.

दिलासा देणारी गोष्ट अशी की उपचार कोठे तुटतील हे बरेचसे आधी दिसते. पहिल्या आठवड्यांतील त्रास, दुसऱ्या महिन्यातील सुधारणा, हंगामाचे स्थलांतर, घरातील गुप्तता, व्यसन, साठ्यातील तुटवडा या साऱ्या ठाऊक असलेल्या जागा आहेत. औषध सुरू करतानाच रुग्णाला कामाची वेळ, गावी जाण्याचा महिना, घरात कोणाला सांगितले आहे आणि दारू किती, हे चार प्रश्न विचारून त्याप्रमाणे आखणी करणे अशक्य नाही. सायंकाळी उघडी राहणारी केंद्रे, हंगामापूर्वी मजुरांच्या तालुक्यांत खास नोंदणी, त्रास झाल्यास फोन उचलणारी ओळखीची व्यक्ती आणि आहाराचे पैसे पहिल्याच महिन्यात, यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. औषधरोधक क्षयरोगासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या सहा महिन्यांच्या उपचारांमुळे पूर्वीचा दीड-दोन वर्षांचा काळ घटला आहे. मात्र उपचार कितीही आखूड झाले, तरी ते घ्यायचे असतात त्याच घरात.

मद्रासच्या प्रयोगाने क्षयरोग्याला सॅनेटोरियममधून घरी पाठविले, तेव्हा त्याच्यामागोमाग एक माणूसही घरी जात होता. घरच्या उपचारांचा तो दुसरा अर्धा भाग परत आणणे आणि मजुरीचा खाडा न पडता गोळी घेता येईल अशी सोय करणे, यावरच उच्चाटनाची पुढची तारीख पाळली जाईल की नाही हे ठरणार आहे.